मदत हवी आहे: पीसी आपोआप बंद होऊन राहिला, लिनक्स टाकू का?

भाऊ लोक, घरचा डेस्कटॉप आहे, चौथ्या जनरेशनचा आय३, ४ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क, विंडोज १०. कधी निळी स्क्रीन येते, त्यावर मेमरी मॅनेजमेंट लिहिलेलं असतं, अन् कधी तर काहीच न सांगता धप्पकन बंद. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदी दिसतात तिथं) फक्त कर्नल-पॉवर ४१ दिसते, म्हणजे मशीन नीट बंद झाली नाही एवढंच, ते तर मलेही दिसून राहिलं ना बाप्पा!

कॅबिनेट उघडून फॅनमधली धूळ काढली (नागपूरचा मे महिना, त्यात बाजूलेच कूलर), रॅम काढून पिना खोडरबरानं पुसल्या, प्रोसेसरची पेस्ट बदलली. निळी स्क्रीन कमी झाली पण बंद पडणं चालूच आहे. सीताबर्डीवरचा एक दुकानदार म्हणते विंडोज ११ टाका, पण हा प्रोसेसर त्याच्या यादीतच नाही, अन् १० चा सपोर्ट तर ऑक्टोबर २०२५ मध्येच संपला.

म्हणून विंडोजऐवजी लिनक्स मिंटचा विचार आहे, एक्सएफसीई (साधा डेस्कटॉप) वालं, हलकं असते म्हणतात. आधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता चालवून पाहतो, तिथंही बंद पडलं तर दोष हार्डवेअरचाच ना? मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) रात्रभर ठेवू की आधी कोणाचा एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) लावून पाहू?

अजून एक, बाबांचं टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) याच्यावरच आहे. वाइनमध्ये (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवते ते) कोणी रोज चालवते का, की विंडोज बाजूले ठेवून ड्युअल बूटच (एकाच पीसीवर दोन्ही) बरं? प्रिंटर जुना एचपी लेझरजेट आहे. ज्यानं खरंच वापरलं त्यानंच सांगा.