कॅल्शियम नायट्रेटच्या पोत्यांना पाणी सुटलं, त्यावर भुसा टाकला गेलाय. आता काय करू?

नमस्कार मंडळी. तासगाव भागात अडीच एकर द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर पळापळ नको म्हणून विद्राव्य खतं आधीच भरून ठेवतो. शेड पत्र्याचं, दहा बाय बारा. आत काय आहे ते न लपवता सांगतो. कॅल्शियम नायट्रेटची सहा पोती, १३:०:४५ खताची चार, थोडा युरिया, भुरी रोगासाठीचं गंधक, ड्रिप साफ करायला फॉस्फरिक ॲसिडचे दोन कॅन, त्यांच्या वरच्याच फळीवर टीसीएल (ब्लीचिंग) पावडर आणि कोपऱ्यात ट्रॅक्टरसाठी डिझेल.

परवाच्या पावसात पत्रा गळला. कॅल्शियमच्या दोन पोत्यांना पाणी सुटून कोब्यावर काकवीसारखा चिकट ओघळ आला. मी बाहेरगावी होतो. गड्यानं वखारीतून पोतंभर भुसा आणून त्यावर पसरला, चांगल्या मनानंच. मग खराट्यानं गोळा करून गोणीत भरला आणि गोणी ठेवली नेमकी डिझेलच्या कॅनला टेकवून. आता भुसा कडक वाळलाय. शेजारचे काका म्हणतात, बैरूतसारखं उडेल. घरी पोरांना शेडकडे फिरकू देत नाहीत. गोणीचं काय करू? आणि एवढ्याशा शेडात काय कुठं ठेवू?

प्रतिसाद १
भुसाच आहे ना, बांधावर नेऊन पेटवून द्या. विषय संपला.

प्रतिसाद २
दादा, वरचं अजिबात ऐकू नका! नायट्रेट मुरलेला वाळका भुसा साध्या भुशासारखा जळत नाही, भडकतो. नायट्रेट स्वतःच ऑक्सिजन पुरवतं. म्हणून अशी आग वाळू टाकून गुदमरत नाही, लांबून भरपूर पाणीच मारावं लागतं. तपकिरी धूर दिसला तर वारा जिकडून येतोय त्या बाजूला पळायचं. तो धूर छातीत गेला तर त्रास काही तासांनीही सुरू होतो, तेव्हा बरं वाटतंय म्हणून घरी बसायचं नाही, दवाखाना गाठायचा.

आधी विडी-काडी लांब. गोणी जागेवरच पाण्यानं चिंब करा, मग उचला. ओला भुसा विहिरीपासून लांब, रानात पातळ पसरून मातीत मिसळा. शेवटी खतच आहे ते. उकिरड्यावर ढीग मात्र घालू नका, आत तापतो.

बैरूतचं म्हणाल तर ४ ऑगस्ट २०२० ला तिथं उडालं ते अमोनियम नायट्रेट, सुमारे २,७५० टन. आपल्याकडे त्याला २०१२ च्या नियमांखाली परवाना लागतो. तुमच्या पोत्यात ते तसं नाही, काकांना चहा पाजा. मला काळजी दुसरीच वाटते. १३:०:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, आपला सोरा. सोरा आणि गंधक एकाच शेडात ठेवलेत, कोळसा तेवढा राहिला. जत्रेत दारूकाम करणाऱ्याला विचारा याचं काय बनतं.

प्रतिसाद ३
सगळ्यांचं लक्ष भुशाकडे, मला ती टीसीएलची फळी दिसतेय. खाली ॲसिड, वर टीसीएल. पिशवी फाटून पावडर कॅनवर सांडली आणि झाकण सैल असलं तर क्लोरिन निघणार, तोही दहा बाय बाराच्या बंद शेडात. आमच्याकडे एकानं ॲसिडचंच घमेलं न धुता त्यात टीसीएल कालवली होती. खोकून खोकून डोळे लाल, दोन दिवस आवाज बसला. टीसीएल आजच दुसरीकडे हलवा. युरियापासूनही लांब ठेवा, ते दोन्ही मिसळले तर फार वाईट. ॲसिडचा कॅन जमिनीलगतच, प्लास्टिकच्या ट्रेमध्ये. ॲसिड पाण्यात ओतायचं, ॲसिडवर पाणी कधीच नाही. चुन्याची एक पिशवी दाराशी असू द्या, सांडलं तर उपयोगी पडते.

मूळ धागाकर्ता
आभार. गोणी भिजवून बाहेर काढली. गडी म्हणाला, "मालक, मी तर त्याच्याशेजारी बसून विडी ओढली होती." काय बोलणार. डिझेल ट्रॅक्टरच्या पडवीत गेलं, टीसीएल घराच्या मागच्या खोलीत कुलपात. पोती भिंतीपासून हातभर सोडून प्लास्टिकच्या क्रेटवर चढवली. गंधक उरलंय. गोठ्याच्या माळ्यावर ठेवलं तर?

प्रतिसाद २
माळ्यावर कडबा असेल ना? मग तिथंही नको.