मदत हवी आहे: हिस्टॉलॉजीच्या (ऊतकशास्त्राच्या) डिजिटल स्लाइड्स प्रॅक्टिकलच्या वेळी अडकतात

नमस्कार मंडळी. विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेसाठी आमची वेब टीम आभासी मायक्रोस्कोप चालवते. ४०एक्सला (चाळीस पट मोठं करून) स्कॅन केलेल्या एसव्हीएस फायली (स्लाइड स्कॅनरच्या मूळ फायली), लिबविप्स या चित्र-प्रक्रियेच्या साधनाने केलेल्या २५६ पिक्सेलच्या टाइल्स (चित्राचे चौकोनी तुकडे), ब्राउझरात त्या जोडून झूम करू देणारं ओपनसीड्रॅगन. लॉगिनशिवाय काही दिसू नये म्हणून प्रत्येक टाइल पीएचपी स्क्रिप्टमधून जाते: सेशन (लॉगिनची सर्व्हरवरची नोंद) तपासतो, फाइल वाचून पाठवतो. एकट्याने बघताना जेमतेम चालतं. १२० विद्यार्थी एकदम बसले की धुरकट चौकोन तसेच राहतात, मध्येच ५०४ (सर्व्हरने वेळेत उत्तर न दिल्याची त्रुटी) येतो. सीपीयू मात्र २० टक्क्यांच्या वर जात नाही. रॅम वाढवून पाहिली, फरक शून्य. कुठे बघू?

प्रतिसाद १
सीपीयू निवांत आणि तरी रांग, म्हणजे कुलूप. पीएचपी सेशन फाइलमध्ये ठेवत असेल, तर सेशन उघडं असेपर्यंत ती फाइल लॉक राहते. ब्राउझर एकदम सहा टाइल्स मागतो, पण एका विद्यार्थ्याच्या त्या सहाही एकामागून एकच सुटतात. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधला नेटवर्क टॅब उघडा. वेळा ४०, ८०, १२० मिलिसेकंद अशा जिन्यासारख्या चढताना दिसतील. पडदाभर चित्राला ४५-५० टाइल्स लागतात, म्हणजे स्लाइड जरा सरकवली की दोन सेकंद गेले. त्यात थांबलेली प्रत्येक मागणी एफपीएमचा (पीएचपी चालवणाऱ्या सेवेचा) एक वर्कर, म्हणजे मोजक्या कामकरी प्रक्रियांपैकी एक, अडवून बसते. ५०४ तिथून येतो.

लॉगिन तपासून झालं की लगेच सेशन_राइट_क्लोज() लावा म्हणजे कुलूप सुटेल, फाइल वाचायच्या आधी. "शेवटची पाहिलेली स्लाइड" वगैरे याच स्क्रिप्टमधून सेशनमध्ये लिहीत असाल तर ते काढा, टाइलचं ते काम नव्हे.

धागाकर्ता
जिना दिसला! ती ओळ घातल्यावर ५०४ गेले. पण झूम आत-बाहेर केलं की त्याच टाइल्स पुन्हा उतरतात.

प्रतिसाद १
सेशन सुरू होताना पीएचपी स्वतःहून 'नो-स्टोअर, नो-कॅश' हेडर पाठवतं, म्हणजे ब्राउझरला टाइल साठवून ठेवायला मनाई. सेशन_स्टार्टच्या आधी सेशन_कॅश_लिमिटर रिकामा करा आणि स्वतः 'प्रायव्हेट, मॅक्स-एज=६०४८००' (सेकंद, म्हणजे सात दिवस) द्या. 'पब्लिक' नको, मधला प्रॉक्सी भलत्यालाच टाइल देईल. फाइल वाचून पाठवणंही एंजिनएक्सवर (वेब सर्व्हरवर) सोपवा: पीएचपीने फक्त एक्स-अॅक्सेल-रिडायरेक्ट हेडरमधून कोणती फाइल पाठवायची ते सांगायचं आणि टाइल्सचं फोल्डर 'इंटर्नल' (बाहेरून थेट न उघडणारं) ठेवायचं.

प्रतिसाद २
वरच्याला +१. टाइल ५१२ची करा, पडद्याला १५-२० पुरतात. शिवाय ०.२५ मायक्रॉन प्रति पिक्सेलने २ × १.५ सेंमी ऊतक म्हणजे ८०,००० × ६०,००० पिक्सेल. २५६च्या हिशेबाने, झूमच्या सगळ्या पातळ्या धरून, एका स्लाइडच्या जवळपास ९८,००० फायली! ५०-६० स्लाइड्स झाल्या की डिस्कवर जागा असून आयनोड (डिस्कवर किती फायली मावतील याची ठरलेली मर्यादा) संपू शकतात आणि बॅकअप रात्रभर रांगतो.

मायक्रॉन प्रति पिक्सेलचा आकडा टाइल्स पाडण्याआधी डेटाबेसमध्ये टिपून ठेवा. टाइल्ससोबत बनणाऱ्या डीझेडआय या वर्णन-फाइलमध्ये तो नसतो, मग मोजपट्टी अंदाजाने लावली जाते आणि मुलं पेशी चुकीची मोजतात.

मूळ एसव्हीएस सार्वजनिक फोल्डरमध्ये पडल्या असतील तर आजच हलवा. त्यांच्या आत काचेवरच्या लेबलचा वेगळा फोटो असतो, त्यावर बायोप्सी क्रमांक असतो, कधी रुग्णाचं नावही. टाइल्समध्ये तो येत नाही, पण फाइल डाउनलोड करणाऱ्याला मिळतो. फाइलच्या नावातही तोच क्रमांक असतो बहुतेकदा, तेही बदला.