२५ मिलीला हेंडरसनचं सूत्र का अडतं?

बारावी_ब_तुकडी:
२५ मिली ०.१ मोलर ॲसेटिक आम्ल, ब्युरेटमध्ये ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड. पीकेए (आम्ल किती तीव्र ते सांगणारा आकडा) ४.७६. हेंडरसनचं सूत्र: पीएच = पीकेए + लॉग (ॲसिटेट/आम्ल). १० मिली घातल्यावर पीएच ४.५८ आला, जुळला. पण २५ मिलीला छेदात शून्य येतं! मैत्रीण म्हणते, सरळ ७ लिही. उत्तर दिलंय ८.७३. कसं?

ब्युरेटवाले_काका:
सूत्रात आकडे कोंबण्याआधी फ्लास्कमध्ये काय उरलंय ते बघ, बाळा. १० मिलीला १ मिलिमोल ॲसिटेट, १.५ मिलिमोल आम्ल. दोघं हजर, म्हणून बफर (पीएच सहज बदलू न देणारं मिश्रण), आणि सूत्र तिथेच चालतं. २५ मिलीला आम्ल संपलं. उरलं २.५ मिलिमोल ॲसिटेट, तेही ५० मिलीत, म्हणजे ०.०५ मोलर. (आकारमान २५ च धरून पोरं इथे हमखास गुण घालवतात.) ॲसिटेट पाण्याकडून प्रोटॉन ओढतं, हायड्रॉक्साइड सुटतो.
पीएच = ७ + ४.७६/२ + (लॉग ०.०५)/२ = ७ + २.३८ − ०.६५ = ८.७३
मैत्रिणीचे ७ तीव्र आम्ल-तीव्र आम्लारीच्या जोडीला ठीक.

आलेखप्रेमी:
१२.५ मिलीला पीएच = पीकेए. बफर तिथे सर्वांत भक्कम.

बारावी_ब_तुकडी:
समजलं! मग दर्शक (रंग बदलून शेवट दाखवणारा) म्हणून मिथिल ऑरेंज चाललं असतं का?

ब्युरेटवाले_काका:
छे. त्याचा रंग ३.१ ते ४.४ मध्ये बदलतो, म्हणजे ८ मिलीच्या आतच खेळ संपला. फिनॉल्फथॅलिन ८.२ ते १०, तेच घे. आणि फिकट गुलाबी टिकला की थांब. गडद गुलाबी फ्लास्क मिरवत आणणारे फार बघितलेत.