मदत हवी आहे: गावठी कुत्र्याला घेऊन मुंबई कशी फिरायची?

मुक्ता_सातारा

नमस्कार मंडळी. बदली झाल्यामुळे नुकतीच साताऱ्याहून दादरला आले आहे. पोर्तुगीज चर्चपासून चालत थोड्या अंतरावर भाड्याची जागा आहे. मी एकटी आणि सोबत भुऱ्या. अस्सल गावठी, पाच वर्षांचा, १८ किलो, एक कान कायम पडलेला. साताऱ्यात रोज सकाळी आम्ही अजिंक्यताऱ्याच्या अर्ध्या चढापर्यंत जायचो. पट्टा नावापुरता असायचा.

इथे गेटबाहेर पाऊल टाकलं की गल्लीतले चार कुत्रे हजर. हॉर्न वाजला की भुऱ्या खाली बसतो आणि मग काही केल्या उठत नाही. त्यात सोसायटीच्या सेक्रेटरींचं म्हणणं, कुत्रा लिफ्टमधून न्यायचा नाही. आम्ही पाचव्या मजल्यावर.

पेट कॅफे, पेट स्पा असलं काही सुचवू नका, प्लीज. तिथे जाऊन तो टेबलाखाली झोपेल आणि मी तीनशे रुपयांची कॉफी पिईन. मलाही मुंबई नवीनच आहे. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी दोघांनी मिळून शहर बघावं, एवढीच इच्छा आहे. कुठे जाऊ, कधी जाऊ, आणि मुख्य म्हणजे जाऊ कशाने? साताऱ्यात रिक्षात टुणकन उडी मारून बसायचा. इथे दादरला रिक्षाच नाहीत हे मला सामान उतरवल्यावर कळलं! पाऊस तोंडावर आलाय, तेव्हा त्याबद्दलही सांगा.

कट्टेकरी

मुक्ताताई, मुंबईत स्वागत. रिक्षा पश्चिमेला वांद्र्यापर्यंत आणि इकडे सायनपर्यंत, त्याच्या अलीकडे टॅक्सीचं राज्य.

सुरुवात लांबून करू नका. शिवाजी पार्क तुमच्या हाकेच्या अंतरावर आहे. मैदानाभोवतीच्या कट्ट्याची एक फेरी साधारण सव्वा किलोमीटर भरते. पहाटे साडेपाचला या. सहानंतर चालणारे वाढतात, सातनंतर क्रिकेटची पोरं किट घेऊन येतात. मैदानाच्या आत मात्र नेट लागलेले असताना कुत्रा घेऊन शिरू नका. एकदा का चेंडूमागे पळाला की प्रशिक्षक तुमचं नाव लक्षात ठेवतील. कट्ट्याला लागून झाडं आहेत, प्रत्येक खोडावर आदल्या दिवशीची सगळी खबर लिहिलेली असते, भुऱ्याला वाचू द्या.

नाव_सुचत_नाही

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. या शहरात माणसांना चालायला फुटपाथ नाही आणि तुम्ही कुत्र्याला मुंबई दर्शन घडवताय. आमच्या गल्लीत रोज सकाळी तीन ठिकाणी घाण असते. मालक फोनवर, कुत्रा कामावर.

मुक्ता_सातारा

राग नाही. घाणीबद्दल तुमचं बरोबर आहे. मी जुनी वर्तमानपत्रं आणि पिशवी घेऊनच बाहेर पडते.

कायदेपंडित_नाही

मुंबईत पाळीव प्राण्याची घाण न उचलल्यास दंडाची तरतूद पालिकेच्या २००६ च्या स्वच्छता उपविधींपासून आहे. वसूल किती होतो हा वेगळा धागा होईल.

लिफ्टचं म्हणाल तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाचं फेब्रुवारी २०१५ चं परिपत्रक आहे. सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही, लिफ्टसाठी जादा पैसेही लावता येत नाहीत. परिपत्रकाची प्रत काढा, पण पहिल्याच दिवशी सेक्रेटरींच्या तोंडावर फेकू नका. आधी पालिकेचा कुत्र्याचा परवाना काढा. अर्ज ऑनलाइन होतो, रेबीजच्या लसीचा दाखला लागतो, दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. परवाना आणि लसीचा कागद पुढे ठेवला की निम्मे सेक्रेटरी तिथेच नरमतात. उरलेल्यांसाठी परिपत्रक.

आणि एक, गावठी कुत्र्याच्या गळ्यात पट्टा आणि त्यावर तुमचा मोबाईल नंबर हवाच. लॅब्रॅडॉर हरवला तर लोक मालक शोधतात. भुऱ्या हरवला तर लोकांना वाटेल इथलाच आहे.

गुरांचा_डॉक्टर

पशुवैद्य आहे, परळच्या कॉलेजातून शिकलो, आता प्रॅक्टिस गावाकडे. उन्हाचं आधी सांगतो, कारण साताऱ्याहून आलेल्या कुत्र्याला इथे सगळ्यात जास्त तेच बाधतं.

कुत्र्याला अंगभर घाम येत नाही, तळपायांना थोडासा येतो. बाकी सगळी मदार धापा टाकण्यावर. जिभेवरचं आणि घशातलं पाणी हवेत उडून गेलं की आतून थंडावा मिळतो. मुंबईच्या दमट हवेत ते पाणी लवकर उडत नाही. म्हणून साताऱ्याच्या ३८ अंशांत मजेत असणारा कुत्रा इथल्या ३३ मध्ये गळाठतो, आणि मालक म्हणतो, 'ऊन तर फार नाही'. थर्मामीटरवर जाऊ नका, त्याच्याकडे बघा. जीभ रुंद होऊन बाजूने लोंबायला लागली, लाळ चिकट झाली, हिरड्या लालभडक दिसल्या की फेरी तिथेच संपली. सावलीत घ्या, पोटाला, जांघेत आणि पंजांना साधं पाणी लावा, वारा घाला आणि गाडी करून दवाखाना गाठा. बर्फाचं पाणी ओतू नका. डांबराचा अंदाज घ्यायला हाताची मागची बाजू सहा-सात सेकंद रस्त्यावर टेकवून बघा. तुम्हाला सोसवत नसेल तर त्यालाही नाही.

पावसाळ्याचा विषय म्हणजे लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा आजार. उंदरांचं मूत्र साचलेल्या पाण्यात मिसळतं आणि जखमेतून किंवा तोंडावाटे जंतू शरीरात जातात. त्याला होऊ शकतो, तुम्हालाही. लस दरवर्षी लागते, भुऱ्याला शेवटची कधी दिली ते कार्डावर बघा. तुंबलेल्या पाण्यातून अजिबात नेऊ नका, डबक्यातलं पिऊ देऊ नका, घरी आल्यावर चारही पाय धुऊन बोटांच्या मधली जागा कोरडी करा. गोचिडीही याच दिवसांत वाढतात.

खाऊवाली_काकू

मी माहीमला रस्त्यावरच्या कुत्र्यांना खायला घालते, त्यामुळे त्यांच्या बाजूने बोलते. गल्लीतले ते चार दुष्ट नाहीत गं. त्यांच्या हद्दीत न विचारता नवा माणूस शिरला, एवढंच. हद्दी अगदी ठरलेल्या असतात. आमच्याकडे पानाच्या टपरीपर्यंत एक टोळी, टपरीच्या पलीकडे दुसरी. तुझ्या गल्लीत कुणीतरी त्यांना खायला घालत असणारच, वॉचमनला विचार. त्या बाईशी ओळख कर. ती सोबत असताना भुऱ्याला दुरून चालव, रोज थोडं जवळून. कानाचं टोक कापलेलं दिसलं तर त्या कुत्र्याची नसबंदी झालेली असते, ते बहुतेक वेळा शांत असतात.

भुंकत आले तर पळू नकोस, त्याला उचलू नकोस. तू मध्ये उभी राहा आणि तिरकी-तिरकी रस्त्याच्या पलीकडे जा. पट्टा ताणून धरलास तर तुझी भीती त्याला कळते आणि तो आणखी फुगतो.

म्युनिकमावशी

अवांतर: आमच्याकडे म्युनिकला एका तिकिटावर एक कुत्रा फुकट, यू-बानमधून (इथल्या मेट्रोतून) ऐटीत फिरतात. तुमचं वाचून वाईट वाटलं.

नाव_सुचत_नाही

मावशी, आमच्या लोकलमध्ये आधी माणसांना फुकट नको, निदान उभं राहू द्या म्हणावं.

फोर्टातला_कारकून

आता खऱ्या प्रश्नाकडे येतो. दक्षिण मुंबईत नोकरीत आयुष्य काढलं, तेव्हा अधिकाराने सांगतो: कुत्र्याबरोबर बघायची मुंबई रविवारी सकाळी सहा ते आठ या वेळेत असते. नंतर ती पुन्हा माणसांची होते.

पहिली जागा बॅलार्ड इस्टेट. हा सगळा भाग समुद्रात भराव टाकून १९१४ ते १९१८ च्या दरम्यान केला, इमारतींचा आराखडा जॉर्ज विटेटचा. गेटवे ऑफ इंडिया बांधणारा तोच. रस्ते रुंद, फुटपाथ सलग, सावली भरपूर आणि रविवारी कचेऱ्या बंद. हॉर्न नाही. घाबरट कुत्र्यासाठी दक्षिण मुंबईत याहून चांगली शाळा नाही. दोन-तीन रविवार तिथेच काढा. मग हॉर्निमन सर्कलच्या कमानींखालून, काळा घोडा, तिथून ओव्हल मैदानाच्या बाजूने. मरीन ड्राइव्ह सगळ्यात शेवटी. लोक उलटं करतात, पहिल्याच दिवशी मरीन ड्राइव्हला नेतात. तिथे एका बाजूला लाटा, दुसऱ्या बाजूला सुसाट गाड्या, कुत्रा बिचारा मध्ये चेपतो. पावसाळ्यात भरतीच्या वेळी तर लाटा कठड्यावरून आत येतात, तेव्हा नकोच.

जायला टॅक्सी. आधी ड्रायव्हरला विचारा, कुत्रा दाखवा, सीटवर घालायला जुनी चादर तुमची. तिघांपैकी एक हो म्हणतो. तो भेटला की नंबर घ्या आणि दर रविवारी त्यालाच बोलवा. आमच्या शेजाऱ्यांचा टॅक्सीवाला आता कुत्र्यासाठी बिस्किटं ठेवतो. निघायच्या आधी दोन तास खायला देऊ नका, बंद गाडीची सवय नसेल तर ओकेल.

आणखी एक. अंतर मोजू नका. साताऱ्यात गड चढत होता म्हणून इथे पाच किलोमीटर चालवायलाच हवं असं नाही. वीस मिनिटं मनसोक्त हुंगलं तरी कुत्रा दमून झोपतो. बॅलार्ड इस्टेटीत बंदराचा वास, भटारखान्याचा वास, जुन्या लाकडाचा वास, त्याला वाचायला महिना लागेल.

वेसावकर

समुद्राबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून आमच्या बाजूचं लिहितो. जुहू, वर्सोवा, दोन्हीकडे सकाळी कुत्रे दिसतात. ओहोटीची वेळ बघून या, ओली घट्ट वाळू पायाला बरी. खारं पाणी पिऊ देऊ नका, जुलाब होतात. घरची बाटली आणि वाटी आणा.

होड्या लागतात तिकडे शिंगाळा माशाचे काटे पडलेले असतात. पंज्यात घुसला तर वाईट, विषारी असतो आणि दातेरी असल्यामुळे ओढून निघत नाही. पावसाळ्यात, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये, निळ्या फुग्यासारखे जेलीफिश किनाऱ्याला लागतात. मेलेले दिसले तरी डंख असतो, आणि कुत्रा आधी नाकच लावतो. त्या दिवसांत किनारा सोडा.

कोळीवाड्यात यायचं तर पट्टा आखूड धरा. काठ्यांवर बोंबील वाळत असतात. तुमचा भुऱ्या सातारकर असला तरी बोंबलापुढे कोकणी होईल आणि मग आमच्या बायकांशी गाठ आहे.

वांद्र्याला कार्टर रोडला कुत्र्यांसाठी कुंपणाचं पार्क आहे, पट्टा सोडायचा असेल तर ती एक जागा. पण भित्र्या कुत्र्याला गर्दीच्या वेळी आत सोडू नका, आधी बाहेरून बघू द्या.

आरेवाली

दोन जागा नकोच म्हणून सांगते. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पाळीव प्राणी नेता येत नाहीत, म्हणजे कान्हेरीही नाही, लेणी आतच आहेत. दुसरी आमची गोरेगावची आरे कॉलनी. हिरवं दिसतं म्हणून लोक गाडी काढून पहाटे कुत्रे घेऊन येतात. इथे बिबटे आहेत, आणि कुत्रा हे त्यांचं आवडतं खाणं. उजाडायच्या आधी आणि दिवेलागणीनंतर कुत्र्याला घेऊन फिरू नका. दिवसासुद्धा झुडपांत शिरू देऊ नका.

मुक्ता_सातारा

किती लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. थोडा अपडेट. परवान्याचा अर्ज केला. लेप्टोची लस संपलेली निघाली, दिली. खाऊवाली काकू, वॉचमनकडून पत्ता लागला, समोरच्या चाळीतल्या आजी त्या चौघांना दूध-पोळी घालतात. आता आजी खाली उतरल्या की आम्हीही उतरतो. तिघे गप्प असतात, चौथा अजून तत्त्वासाठी भुंकतो.

रविवारी बॅलार्ड इस्टेटीला गेलो. भुऱ्या पहिल्यांदाच शेपटी वर करून चालला. एका बंद बँकेच्या पायरीपाशी इतका वेळ हुंगत उभा राहिला की सिक्युरिटीवाल्याने 'खातं उघडायचंय का' विचारलं. येताना सायकलवरच्या चहावाल्याकडे चहा घेतला. परतीच्या टॅक्सीत ओकला नाही. टॅक्सीवाल्याचा नंबर घेतलाय.

आता आणखी दोन प्रश्न. अलिबागकडे नेता येईल का? आणि गणपतीत काय करू? माझी जागा मिरवणुकीच्या वाटेवर आहे म्हणतात.

फोर्टातला_कारकून

अलिबागसाठी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो (गाड्याही नेणारी बोट) घ्या. तासाभराचा प्रवास, कुत्र्याला नेता येतं, त्याचं वेगळं तिकीट असतं. गेटवेच्या लाँचा पावसाळ्यात बंद असतात. रो-रो चालते, पण समुद्र खवळला तर फेरी रद्द होते. निघण्याआधी खात्री करा. सप्टेंबरनंतर गेलात तर भुऱ्याचंही पोट शाबूत राहील.

गुरांचा_डॉक्टर

गणपतीत शक्य असेल तर साताऱ्याला. दीड दिवस, पाचवा, सातवा आणि अनंत चतुर्दशी, हे दिवस दादर चौपाटीच्या वाटेवर भित्र्या कुत्र्याला सोसणार नाहीत. रेल्वेने न्यायचं तर फर्स्ट एसीचं अख्खं कूपे किंवा केबिन लागतं, आणि कुत्र्याचं बुकिंग पार्सल ऑफिसमधून करावं लागतं. नाहीतर ब्रेक व्हॅनमधली (गार्डच्या डब्यातली) पेटी. भुऱ्यासारख्याला त्या पेटीत घालू नका, गाडी करा.

राहावंच लागलं तर आतल्या खोलीत खिडक्या लावून, पंखा आणि टीव्ही चालू ठेवून. ढोल सुरू व्हायच्या तासभर आधीच फिरवून आणा आणि त्या दिवसांत दार उघडताना पट्टा गळ्यात असू द्या. घाबरलेला कुत्रा जिन्याने पाच मजले कधी उतरतो ते कळत नाही. झोपेचं औषध ओळखीच्या मेडिकलमधून स्वतःच्या मनाने आणून देऊ नका. आधी दादर-परळ भागातल्या डॉक्टरांना दाखवा, आणि दाखवायचं तर आत्ताच, ऑगस्टमध्ये त्यांच्याकडे रांग असते.

खाऊवाली_काकू

आणि त्या चौथ्याचं नाव काय गं? त्याला नावाने हाक मारून बघ एकदा.