ओरांडा गोल्डफिशला रोज एकाच प्रकारचे दाणे पुरतात का?

अबोली_फोंडा

वाद होणार हे धरूनच लिहितेय. फॅन्सी गोल्डफिशला बारा महिने एकाच डब्यातले दाणे घालणं हा निव्वळ आळस आहे. दुकानात त्याला 'संपूर्ण आहार' म्हणतात, एवढंच.

माझ्याकडे १२० लिटरच्या टाकीत तिघं आहेत, दोन ओरांडा (डोक्यावर मांसल टोपी असलेली जात) आणि एक ब्लॅक मूर (बटबटीत डोळ्यांची काळी जात). थोरल्या ओरांडाचं नाव उंडो, कारण पोदेराच्या, म्हणजे आमच्या पाववाल्याच्या, पाटीतल्या उंडो नावाच्या पावासारखाच तो गोल गरगरीत. दोन वर्षं तिघांना सकाळ-संध्याकाळ तरंगणारे दाणे घातले. गेल्या मे महिन्यात खाणं झालं की उंडो शेपूट वर, डोकं खाली करून लटकायला लागला. आठवड्याभरात पोटच वर. शेवटी तीन दिवस उपास घडवला, मग उकडलेला, साल काढलेला मटार चिमटून चिमटून दिला. पाचव्या दिवशी मागे लांब हिरवी दोरी लोंबत होती आणि मासा सरळ पोहत होता.

तेव्हापासून दाणे आठवड्यातून दोनदाच. बाकी घरची जेली, तांबडी भाजी, काकडी, फ्रोझन आर्टेमिया (बारीक कोळंबीसारखे जीव). वर्ष झालं, उंडो पुन्हा उलटला नाही. ज्यांना दाणेच श्रेष्ठ वाटतात त्यांनी बोलावं.

दाणेवाला_म्हापसा

बोलतो. ताई, राग मानू नका, पण तीन दिवस उपास घडवलात म्हणून मासा सुधारला आणि श्रेय गेलं मटाराला.

गोल्डफिशला जठर नसतं. घशातल्या दातांनी चिरडलेलं खाणं थेट लांबलचक आतड्यात उतरतं. साठवायला कोठी नाही, म्हणून त्याला थोडं थोडं लागतं. आपण मात्र दिवसातून दोनदा मूठ मोकळी करतो. त्यात ओरांडा, र्‍युकिन, पर्लस्केल यांचं अंग माणसानंच पिढ्यानपिढ्या निवड करून आखूड आणि फुगीर केलंय. आतडं आणि हवेची पिशवी दोन्ही तेवढ्याच जागेत कोंबलेली. आतडं तुंबलं की पिशवी दबते आणि तोल जातो. पण ती पिशवीच जन्मतः वाकडी असेल किंवा तिला जंतुसंसर्ग झाला असेल, तर मटाराची गोणी ओतली तरी फरक पडणार नाही. असे मासे मी पाहिलेत.

आता घरच्या जेलीबद्दल. तिच्यात क जीवनसत्त्व किती, फॉस्फरस किती, सांगता येईल? चांगल्या दाण्यात हे मोजून घातलेलं असतं. पाकीट उलटं करून वाचा. पहिला घटक फिशमील किंवा कोळंबी आहे की गव्हाचं पीठ? प्रथिनं ३० ते ४० टक्क्यांच्या दरम्यान आहेत का? दाणा बुडणारा आहे का? एवढं पाहिलं की बाकीचे लाड हौसेपुरते.

आणि एक विचारतो, खरं सांगा. घरात कुणी टाकीत पाव टाकतं का?

अबोली_फोंडा

टाकत होते. आमचे मामंजी. सकाळी पोदेराचा भोंगा वाजला की चहात बुडवायच्या आधी एक चिमूट उंडोची. त्याच मे महिन्यात ते बंद केलं, हे लिहायचं राहिलं.

पण म्हणून जेली खोटी ठरत नाही.

पेडणेकार

राहिलं म्हणे! मूळ गोष्ट तीच आहे गो बाय. दाणे बदलले, पाव बंद, उपास, मटार, चार गोष्टी एकदम केल्या. आता कुणाला हार घालणार?

मी यांतलं काहीच करत नाही. आमच्या शेताच्या कडेला पाणी साचतं, तिथं टिकलीएवढ्या पानांचं डकवीड मिळतं. बादलीभर आणून कुंडीत वाढवतो. माझे फँटेल गोल्डफिश दिवसभर वेचत बसतात. पावसात डासांच्या अळ्या फुकट. माशाला जिवंत खाणं मिळालं की त्याची चालच बदलते, डब्यातल्या दाण्यामागं तो असा धावत नाही.

शेजारीण_ताळगाव

तुमच्यासारखाच एक शिकारी मासेवाला आमच्या गल्लीत आहे. 'अळ्या काढायला' म्हणून मागच्या दारी पिंप उघडं ठेवतो. गोव्याच्या उकाड्यात अळीचा डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. तो दोन दिवस कामानिमित्त मडगावला गेला की उरलेल्या अळ्या आमच्या खिडकीतून आत येतात. आरोग्य खात्याची माणसं घरोघरी पिंपं उपडी करत फिरतात ती काय मजा म्हणून? मला माशांतलं काही कळत नाही. पण एका ओरांडाच्या चवीपायी गल्लीला डेंगी नको.

पेडणेकार

मी रोज सकाळी गाळणीनं सगळ्या काढतो, पिंपावर जाळी आहे. तरी मुद्दा मान्य. जो घरात नसतो त्यानं हा धंदा करू नये.

दाणेवाला_म्हापसा

शेतातलं डकवीड थेट टाकीत नको. भातावर औषध मारलेलं असेल तर मासे संध्याकाळपर्यंत टिकणार नाहीत, आणि चतुराची पिल्लं, जळवा घरी येतात त्या वेगळ्याच. एकदा आणून वेगळ्या कुंडीत वाढवलं की पुढच्या पिढीचं द्यावं. ते मीही देतो. माझा विरोध हिरव्या खाण्याला नाही.

जिवंत ट्युबिफेक्स किड्यांना मात्र आहे. ते सांडपाण्याच्या गाळात वाढतात. कितीही दिवस नळाखाली धुतले तरी मी हात लावणार नाही. सुकवलेल्या वड्या घ्या, त्याही भिजवून.

अबोली_फोंडा

ट्युबिफेक्सवर आपलं एकमत. आता जेलीवर या, कारण तुम्ही तिला हौस म्हणालात.

वाटीभर तांबडी भाजी आणि अर्धी वाटी मटार वाफवायचे, तुकडाभर लाल भोपळा. मूठभर साधी कोळंबी, सोललेली, बिनमिठाची. सुकी कोळंबी मी घालत नाही, बाजारातली बहुतेक खारवलेली असते. सगळं मिक्सरमधून गंधासारखं काढायचं. वेगळ्या टोपात चायना ग्रास (अगर) उकळवून त्यात ओतायचं, बोट सोसेल इतकं कोमट झालं की स्पिरुलिना शेवाळाची पूड आणि माशांसाठी मिळणारी जीवनसत्त्वांची पूड. बर्फाच्या ट्रेमध्ये पातळ थर, घट्ट झालं की साबुदाण्याएवढे तुकडे करून फ्रीजरमध्ये. पंधरा दिवसांत संपवते.

आधी जिलेटिन वापरलं होतं. मे महिन्यात टाकीचं पाणी ३० अंशांवर जातं आणि जिलेटिन साधारण तेवढ्यावरच ढिलं पडतं. मासा तोंड लावेपर्यंत पाण्याचा सूप. चायना ग्रास ८० अंशांच्या वर नेल्याशिवाय वितळत नाही, तुकडा तळाशी तसाच राहतो. ब्लॅक मूरला नीट दिसत नाही, तो वास घेत घेत कोपऱ्यात पोचतो. तरंगत्या दाण्यांच्या वेळी दोन्ही ओरांडा ताट साफ करून मोकळे व्हायचे आणि हा बिचारा काचेवर नाक घासत राहायचा. आता त्यालाही मिळतं. हा फायदा तुमच्या पाकिटावर छापलेला नसतो.

रंगाचंही सांगते. गोल्डफिशला केशरी रंगद्रव्य स्वतः बनवता येत नाही, ते खाण्यातूनच यावं लागतं. धाकट्या ओरांडाची टोपी पिवळट पडली होती, चार महिन्यांत पुन्हा नारिंगी झाली.

दाणेवाला_म्हापसा

जीवनसत्त्वांची पूड घालता हे आधी सांगितलं असतंत तर अर्धा वाद वाचला असता. ती नसती तर तुमची जेली म्हणजे नुसती भाजी-आमटी.

मूरचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. टेलिस्कोप आणि बबल आय या मोठ्या डोळ्यांच्या, कमी दिसणाऱ्या जातींना सपाटून खाणाऱ्यांबरोबर ठेवलं की ते उपाशी राहतात, आणि आपण समजतो मासा आजारी आहे. रंगाला उजेडही लागतो, अंधाऱ्या कोपऱ्यातली टाकी असेल तर स्पिरुलिना वाया.

पण माझं म्हणणं अजून तिथंच आहे. खाण्याचे प्रकार किती, यापेक्षा किती घातलं यानं मासे मरतात. ३० अंशांच्या पाण्यात प्राणवायू लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास मावतो, २० अंशांना नऊ. उकाड्यात मासा जास्त मागतो, जास्त खातो, पचवायला त्याला प्राणवायू जास्त लागतो आणि पाण्यात तो कमी असतो. वर उरलेलं कुजून अमोनिया. 'दोन मिनिटांत संपेल तेवढं घाला' हा नियम कुणी काढला कोण जाणे. गोल्डफिश दोन मिनिटांत अर्धा डबा संपवेल! मी मोठ्या माशाला दिवसाला वजनाच्या एक टक्का धरतो, तेही तीन वेळा मिळून. ६० ग्रॅमच्या ओरांडाला सगळे मिळून अर्ध्या ग्रॅमहून थोडं जास्त. एकदा काट्यावर तोलून बघा, लाज वाटेल इतके कमी दाणे निघतात.

नेटवरचे तक्तेही इकडे चालत नाहीत. हिवाळ्यात गव्हाच्या अंकुराचे दाणे, दहा अंशांखाली खाणं बंद, वगैरे. आमच्या म्हापशात दहा अंश बघितलाय कुणी?

पेडणेकार

डब्यांचं काय करता पावसात? माझा गेल्या जुलैत उघडला तर आत जाळं धरलेलं, हिरवट.

दाणेवाला_म्हापसा

तो फेकून दिलात ना? बुरशीचं विष धुऊन जात नाही. मोठा डबा स्वस्त पडतो म्हणून घ्यायचा आणि वर्षभर पुरवायचा, ही खरी चूक. आतलं तेल खवट होतं, क जीवनसत्त्व तर त्याआधीच उडतं. लहान पाकीट घ्या, पॅकिंगची तारीख बघा, उघडलेलं हवाबंद करून फ्रीजमध्ये. आणि दाणे भिजवायचे तर अर्धा मिनिट. तासभर भिजवले की जीवनसत्त्वं पाण्यात उतरतात आणि तुम्ही ते पाणी ओतून देता.

अबोली_फोंडा

इथं तुमचंच मत माझ्या बाजूला झुकतंय. डबा उघडल्यावर तो 'संपूर्ण' राहत नाही, हेच तर मी म्हणत होते. पण वजनाचं मानते. काल काट्यावर तुकडे ठेवले. मी दुप्पट घालत होते.

आता कामाचं विचारते. चवथीला आम्ही सगळे पाच दिवस गावच्या घरी. सुट्टीत माशांना हळूहळू खायला मिळावं म्हणून विकतात ती पांढरी वडी टाकून जाऊ का, की शेजाऱ्यांकडे किल्ली देऊ?

दाणेवाला_म्हापसा

दोन्ही नको. वडी विरघळून पाणी खराब करते. धडधाकट मोठा गोल्डफिश पाच दिवस आरामात काढतो. निघायच्या आदल्या दिवशी पाव भाग पाणी बदला, फिल्टर चालू ठेवा, हवेचा पंप बॅटरीवरचा मिळाला तर उत्तम, कारण त्या दिवसांत वीज जातेच.

पेडणेकार

किल्ली तर बिलकूल नको. माझ्या फँटेलला शेजारच्या पोरानं चवथीत नेवरीचा (करंजीचा) तुकडा दिला होता. 'माशाक पण सण' म्हणाला.

अबोली_फोंडा

ठरलं. किल्ली नाही, वडी नाही. आणि मामंजी यंदा 'तब्येत बरी नाही, मी फोंड्यातच राहतो' म्हणत होते, त्यांनाही गाडीत घालून नेते.