पांढऱ्या डोक्याचा पिवळा धोबी: ल्युकोसेफाला म्हणू का?

चिखलपाय:
मंडळी, तीन दिवस हा पक्षी डोक्यातून जात नाहीये, म्हणून विचारतो.

मार्चचा शेवटचा आठवडा. तळं आटत आलंय, काठाला काळा ओला चिखल, त्यात म्हशी आणि म्हशींच्या पायांत पिवळे धोबी. म्हशीने खूर उचलला की चिखलातून माश्या उठतात, आणि हे बेटे बरोबर तिथेच टपून असतात. शनिवारी 43 मोजले. त्यांत उपजाती तीन: पिवळ्या डोक्याचे लुटेया, राखी डोक्याचे आणि पांढऱ्या भुवईचे बीमा, डोक्याने काळेकुट्ट असे दोन फेल्डेग. बाकी माद्या आणि अर्धवट पिसं बदललेली पोरं, त्यांच्या नादी मी लागत नाही.

त्यातच एक नर. पाठ हिरवट, पोट हळदीसारखं पिवळं आणि डोकं पांढरं. फिकट राखी वगैरे नाही, पांढरं. दुर्बिणीतून पाहिला तेव्हा आधी वाटलं, याच्या डोक्यावर काहीतरी पडलंय! भुवई शोधली, दिसली नाही. डोळ्यामागे किंचित राखेची छटा असावी, पण ते मी नंतर फोटो बघून म्हणतोय की तेव्हा खरंच पाहिलं होतं, हे आता सांगता येत नाही. हनुवटी पांढरी. आवाज साधा 'स्वीप', खरखर नव्हती.

फोटो सहा आहेत, सगळे सकाळी दहानंतरचे, ऊन समोरून. सोबतचा मित्र म्हणतो, "बीमा आहे, उन्हात धुतला गेलाय." मला ल्युकोसेफाला, म्हणजे पांढऱ्या डोक्याची उपजात, वाटतोय. नेमकं काय बघू?

करडीभुवई:
फोटो पाहिले. मित्राशी भांडू नकोस, त्याच्या म्हणण्यात दम आहे.

कॅमेऱ्याला समोर दिसतोय काळा चिखल. चौकटीतला बहुतेक भाग काळा म्हटल्यावर तो उजेड वाढवतो, आणि चिमूटभर फिकट डोकं त्यात जळून जातं. तुझ्या तिसऱ्या फोटोत मागे एक लुटेया आहे, त्याचं डोकं बघ. पिसांची एकही रेघ उरलेली नाही, नुसता पिवळा ठिपका. पिवळ्याची ही गत, तर फिकट राखीचं काय झालं असेल?

बीमात राखी रंग मुळात फिका असतो, त्यावर ठळक पांढरी भुवई, आणि गालावर डोळ्याखालीही बरेचदा पांढरं. हे सगळं उन्हात एकमेकांत मिसळलं की झालं पांढरं डोकं. हनुवटी सोड, ती बीमाचीही पांढरी असते. बघायचं ते एकच: भुवईला कड आहे का? म्हणजे वर टाळूचा राखी आणि खाली कानाजवळचा राखी, यांच्यामधून पांढरा पट्टा वेगळा उठून दिसतो का? ल्युकोसेफालाच्या नराला भुवई 'नसते' असं नाही, ती बाकीच्या पांढऱ्यात बुडालेली असते. कानाजवळ पुसट निळसर राखी असू शकते, तेवढ्यावरून तो बाद होत नाही.

ढगाळ सकाळी जा. एक्स्पोजर एक स्टॉप खाली घे, म्हणजे उजेड निम्मा; रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याची मूळ नोंद, ठेव. दोन्ही बाजूंनी फोटो हवेत.

नवखी_दुर्बीण:
एक शंका. ल्युसिझम असेल तर? रंगद्रव्यच कमी असलेला साधा धोबी?

चिखलपाय:
तोही विचार केला होता. पण पंख, पाठ, शेपटी सगळं जागच्या जागी आहे आणि डोक्याचा पांढरा मानेवर दोन्हीकडे सारखाच संपतो. ल्युसिझमचे पांढरे डाग बहुधा असे मापात नसतात, कुठेही उगवतात. तरी 'नाहीच' असं छातीवर हात ठेवून म्हणणार नाही.

झपाटलेला_लायफर:
लोकेशन टाका ना साहेब! उद्याच निघतो.

चिखलपाय:
टाकेन, पण चार दिवसांनी. काठ अरुंद आहे. आपण दहाजण लेन्सा घेऊन उतरलो तर म्हशी उठतील, आणि म्हशी उठल्या की धोबी गेलेच.

जुनी_वही:
चिखलपाय, तुझं पोस्ट वाचून माझी जुनी फजिती आठवली. पांढरा धोबी होता, पाठ राखी, चेहरा पांढरा आणि डोळ्यातून आरपार गेलेली काळी रेघ. म्हणजे पांढऱ्या धोब्याची ऑक्युलॅरिस उपजात, थेट सायबेरियाच्या ईशान्य टोकाची! दोन दिवस मी जमिनीवर नव्हतो. तिसऱ्या दिवशी पठ्ठ्या उथळ पाण्यात उतरला, पाच मिनिटं मनसोक्त आंघोळ केली, पिसं झटकली आणि दगडावर येऊन बसला. रेघ गायब. वाळलेला चिखल होता. तोवर मी सगळ्यांना फोन करून बसलो होतो.

आता तुझ्या पक्ष्याबद्दल. ल्युकोसेफालाचं वर्णन रशियन शोधप्रवासी प्रझेवाल्स्कीने 1887 मध्ये केलं. त्याचं विणीचं क्षेत्र म्हणजे वायव्य मंगोलिया आणि लगतचा चीन-रशियाचा भाग. बीमा आणि लुटेयाच्या पसाऱ्यापुढे ते फारच छोटं, म्हणून थव्यात शंभर बीमांमागे हा एकही मिळत नाही. मादी ओळखण्याच्या फंदात तर पडूच नये. ओळख पटते ती पूर्ण रंगात आलेल्या नराची, आणि पिवळे धोबी डोक्याची पिसं हिवाळा सरताना बदलतात. तुझी वेळ त्या दृष्टीने चांगली आहे.

आणखी एक गोम आहे. पिवळ्या धोब्याच्या उपजाती जिथे एकमेकींना भेटतात तिथे सर्रास संकर होतात. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्याकडे फ्लावा आणि फ्लाविसिमा यांच्या संकरातून इतक्या फिकट डोक्याचे नर निघतात की त्यांना 'चॅनल धोबी' असं वेगळं नावच पडलंय. म्हणून फिकट डोकं दिसलं की लगेच पुस्तकातलं एकच चित्र पकडू नये.

जाता जाता: ज्या बीमावरून हा वाद चाललाय, त्याला ते नाव 1832 मध्ये कर्नल साइक्सने दिलं. त्याच वर्षी त्याने राखी पाठीच्या पांढऱ्या धोब्याला दखुनेन्सिस म्हटलं, म्हणजे दख्खनचा. आता बरेच अभ्यासक त्या दखुनेन्सिसला वेगळं धरत नाहीत, सरळ अल्बा या उपजातीत घालतात. मला उगाच वाईट वाटतं.

चिखलपाय:
काका, आंघोळीचा किस्सा वाचून हसलो आणि मग धास्तावलो!

आज पहाटेपासून ढग होते. साडेसहाला पोचलो, पोटावर पडून राहिलो. एक स्टॉप खाली घेतला, रॉ ठेवली. साडेसातला आला. आंघोळ केली नाही, पण एका म्हशीच्या शेपटीचा फटका चुकवताना माझ्यापासून आठेक पावलांवर उतरला आणि आधी डावी, मग उजवी बाजू दाखवली.

डावीकडे कानाजवळ राखी आहे. मसुरीच्या दाण्याएवढी, पण आहे. तिच्यावर पांढरा पट्टा आणि त्याच्यावर टाळूला अगदी पुसट राखी. म्हणजे भुवईला कड आहे, एका बाजूने. उजवीकडे जवळजवळ काहीच नाही, कोऱ्या कागदासारखं. फोटो टाकलेत.

करडीभुवई:
पाहिले. डावी बाजू बघून मी बीमा म्हणेन, उजवी बघून गप्प बसेन. टाळूवरची ती राखी मला ल्युकोसेफालासाठी जरा जास्तच वाटते. पिसं बदलणं अजून संपलेलं नसेल, तर एप्रिलमध्ये हेच डोकं आणखी वेगळं दिसेल. थांबला तर.

चिखलपाय:
नोंद नुसती 'पिवळा धोबी' अशी केली, उपजातीचा रकाना रिकामा ठेवला. हात जड झाला होता.

जुनी_वही:
फोटो राहू देत. वहीत दोन्ही बाजूंनी डोकं काढून ठेव, हाताने. काढताना कळतं आपण काय पाहिलं नव्हतं ते.

चिखलपाय:
काढलं काका. डाव्या बाजूला पेन्सिल तीनदा खोडावी लागली. उजवीला फक्त डोळा आणि चोच काढली.