मदत हवी आहे : हाफकिन यांचे मूळ लेख आणि मुलकोवालचे कागद

परळकर
वाल्डेमार हाफकिन (1860–1930) यांच्या प्लेगच्या लशीवर प्रकल्प लिहायचा आहे. तीन गोष्टी अडल्या आहेत. मूळ लेख कोणत्या क्रमाने वाचावेत? लस करताना चंबूत तूप घालत असत, हे खरे का? आणि "कार्बोलिक (जंतुनाशक आम्ल) वगळले म्हणून पंजाबातल्या मुलकोवालला लस टोचलेली 19 माणसे गेली" असे एका ठिकाणी वाचले, ते लिहू का?

बोरुबहाद्दर
तिसरे तसे लिहू नका, त्यावर खाली येतो.

तूप खरेच. बकऱ्याच्या मटणाचा अर्क चंबूत भरत. गाय किंवा डुक्कर वापरले असते तर लोकांनी टोचूनच घेतले नसते. वर तुपाचे किंवा खोबरेल तेलाचे थेंब टाकायचे आणि चंबू अजिबात न हलवता ठेवायचा. प्लेगचे जंतू त्या थेंबांच्या खालच्या बाजूला धरतात आणि पांढरट झुरमुळ्यांसारखे खाली लोंबतात. ही प्लेगच्या जंतूची ओळखच. चंबूला जरा धक्का लागला की झुरमुळ्या तुटून तळाशी बसतात आणि चंबूत दुसरेच काही वाढले असले तर कळत नाही. नीट वाढ झाली की मुद्दाम हलवून ती पाडायची, म्हणजे वर नवी धरते. असे पाच-सहा आठवडे. मग 65 ते 70 अंशांवर तासभर तापवून जंतू मारायचे आणि अर्धा टक्का कार्बोलिक घालायचे.

वाचन 1892 च्या पॅरिसच्या कॉलऱ्यावरील फ्रेंच टिपणांपासून सुरू करा, ती अगदी छोटी आहेत. मग थेट 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधला जून 1897 चा प्लेगच्या लशीवरचा लेख. 10 जानेवारी 1897 ला त्यांनी स्वतःला 10 घनसेंमी टोचून घेतले, नंतर त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळा तुरुंगात चाचणी झाली. टोचलेल्यांत 2 आजारी, मृत्यू नाही. न टोचलेल्यांत 12 आजारी, 6 मृत्यू. हे आकडे उतरवताना एक बघा : टोचणीच्या दिवशीच ज्यांना ताप भरला ते कैदी वेगळे काढलेत की नाही. त्यांच्या अंगात रोग आधीच होता. त्यांना धरायचे की सोडायचे यावरून आकडे बदलतात.

दप्तरदार
लेख सोडून हस्तलिखिते हवी असतील तर त्यांच्या डायऱ्या आणि पत्रे जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. शोधताना 'हाफकिन' एवढ्यावर थांबू नका, रशियन वळणाचे 'खावकिन' आणि 'मोर्देखाय' हे नावही टाका. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात जनरल डिपार्टमेंटचे प्लेगचे खंड मागा. प्रयोगशाळेचे नाव बदलत गेले, त्यानेही खूप जण चकतात : 1899 ला परळला प्लेग रिसर्च लॅबोरेटरी, 1906 पासून बॉम्बे बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी, आणि हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव थेट 1925 ला. 1903 च्या कागदांत 'हाफकिन इन्स्टिट्यूट' शोधून काहीच हाती लागणार नाही.

परळकर
दोघांचेही मनापासून आभार. पण कार्बोलिक वगळले होते, हे तर खरे ना?

बोरुबहाद्दर
वगळले होते. लस भराभर हवी होती म्हणून नुसत्या उष्णतेवर भिस्त ठेवली होती, आणि या मृत्यूंच्या चौकशी आयोगाने बोट ठेवले ते त्यावरच. पण हिशोब करून बघा. 30 ऑक्टोबर 1902 ला पंजाबातल्या मुलकोवालला 107 जणांना टोचले. धनुर्वाताने गेलेले 19 जण सगळे एकाच बाटलीचे, क्रमांक 53 एन. बाकीच्या बाटल्यांचे 88 जण ठणठणीत. बाटली परळला भरून 41 दिवस झाले होते. धनुर्वाताचे जंतू भरतानाच शिरले असते तर एवढ्या दिवसांत माजले असते आणि बूच काढताच घाण वास आला असता. तसा वास आला नव्हता. उलट, बूच काढायचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो ज्योतीवर न धरता कार्बोलिकमध्ये नुसता बुडवून पुन्हा वापरला, ही साक्ष कागदांत आहे. धनुर्वाताचे बीजाणू मातीत असतात, आणि क्षणभर कार्बोलिकात बुडवून ते मरत नाहीत.

जुलै 1907 मध्ये मलेरियावर संशोधन करणारे रोनाल्ड रॉस आणि इतरांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून हेच मांडले. तोवर या ठपक्याखाली हाफकिन यांची पाच वर्षे गेली होती. माणसाला न्याय द्यायचा असेल तर आयोगाचा अहवाल आणि हे पत्र शेजारी ठेवून वाचा, आणि चिमट्याची साक्ष शब्दशः उतरवून घ्या.